राडारोडा सरकारी कामात वापरला तर बिघडतं कुठे?

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक दावा फिरतोय. सरकारी कामांत राडारोड्यापासून बनवलेला माल वापरायची सक्ती झालीय, त्यामुळे रस्ते नि शाळा निकृष्ट होणार, वर खर्चही वाढणार, आणि हे सगळं परदेशातून उचललेलं खूळ आहे, असा त्याचा सूर. त्यात खरं एवढंच की नियम झाला. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या नियमांनी महापालिकांच्या आणि सरकारी कंत्राटांत अशा कचऱ्यापासून बनलेला माल १० ते २० टक्के घ्यायला सांगितलं.

आधी निकृष्टपणाचा मुद्दा. पाडलेल्या भिंती डंपरमध्ये भरून थेट स्लॅबमध्ये ओता, असं नियमात कुठेही नाही. राडारोड्याच्या प्रक्रिया प्रकल्पावर लोखंड, लाकूड, प्लास्टिक, माती वेगळी होते, उरलेलं क्रशरमधून जातं, चाळलं जातं. त्यातून निघालेली खडी हातात घेऊन बघा. काळ्या दगडाला जुन्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा करडा थर चिकटलेला दिसतो. हा थर सच्छिद्र असतो, पाणी पितो. अशी खडी कोरडीच मिक्सरमध्ये टाकली तर काँक्रीटमधलं पाणी ओढून घेते, म्हणून ती आधी भिजवून घेतात. ही खोड इंजिनिअर मंडळींना चांगली ठाऊक आहे आणि मर्यादा तिच्यामुळेच घातल्या आहेत. आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, जास्तीत जास्त २० टक्के चालते, तीही एम-२५ ग्रेडपर्यंतच (आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत). सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के. एम-१५ च्या खालच्या, पायाखाली अंथरायच्या काँक्रीटमध्ये मात्र पूर्ण १०० टक्के. उड्डाणपुलाचे गर्डर एम-२५ च्या कितीतरी वरच्या ग्रेडचे असतात, तिथे ही खडी चालतच नाही, तेव्हा पूल कोसळायची भीती घालण्यात अर्थ नाही. या मालाची खरी जागा पदपथाचे पेव्हर ब्लॉक, कडेचे कर्ब स्टोन, रस्त्याखालचे थर. दिल्लीत बुराडीच्या प्रकल्पात २००९ पासून राडारोड्यावर प्रक्रिया होतेय, आणि तिथून निघतं तेही हेच.

आता खर्च. खडीच्या दरात गाडीभाडं केवढं असतं, हे घर बांधलेल्या कुणालाही विचारा. खाणी शहरापासून लांब लांब सरकल्या आहेत आणि राडारोडा तर शहरातच पडलाय. कधी कधी पुनर्वापराचा माल महाग पडतो, हे खरं. प्रकल्प अर्धा रिकामा चालला की दर चढणारच. पण तो रिकामा राहतो कशामुळे? माल घ्यायला कुणी तयार नसतं म्हणून. रस्ते खोदून भरपूर राडारोडा करणारी आणि भरपूर खडी घेणारीही पालिकाच, मग पहिलं गिऱ्हाईक तिनेच व्हायला नको? शिवाय रात्री कांदळवनात नाहीतर नदीपात्रात रिकामा होणारा डंपर हाही खर्चच आहे, फक्त तो कुठल्या एस्टिमेटमध्ये दिसत नाही.

परदेशी खुळाबद्दल फार बोलायची गरज नाही. टाकाऊ माल बांधकामात घ्यायची सक्ती आपल्याकडे जुनीच आहे. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक वीज केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातल्या वीटभट्ट्यांना मातीत त्या केंद्राची किमान २५ टक्के राख मिसळायला लावलं होतं. पुढे ही कक्षा १०० आणि मग ३०० किलोमीटर झाली. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीपीसी (राखमिश्रित) सिमेंटच्या गोणीतही १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे हीच राख, असू शकते. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घराला तेच लागलं असेल.

एक शंका मात्र रास्त आहे: कंत्राटदार कच्चा राडारोडाच भरावात ढकलेल आणि बिल प्रक्रिया केलेल्या मालाचं लावेल. हे होऊ शकतं, आणि सक्तीचा आकडा जितका कागदावरच राहील तितकं जास्त होईल. दुसरी अडचण सरकारी दफ्तरातली. सरकारी दरांच्या यादीत, म्हणजे दरसूचीत, ज्या मालाला स्वतंत्र बाब नाही, तो ज्युनिअर इंजिनिअर अंदाजपत्रकात धरतच नाही. उगाच ऑडिटचा ताप कोण अंगावर घेईल? ग्रुपवर भांडायचंच असेल तर या दोन गोष्टींवर भांडा. तुमच्या वॉर्डातल्या नव्या पदपथासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि ब्लॉक कुठल्या प्रकल्पातून आले त्याची चलनं, तसंच त्यांच्या दाबक्षमतेचा चाचणी अहवाल मागा.