सुगरणीच्या खोप्यात काजव्यांचा दिवा नसतो

‘सुगरण पक्षीण खोपा विणते आणि रात्री उजेडासाठी ओल्या मातीत काजवे चिकटवते’ असा मजकूर दर पावसाळ्यात फिरतो. यात खरी एकच गोष्ट आहे, मातीची.

खोप्याच्या आत मातीचे लपके सापडतात, पण ते नर लावतो, तेही खोपा अर्धवट असताना. हलका खोपा वाऱ्यात फार हेलकावू नये म्हणून हे वजन असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. उजेडाची तर गरजच नाही: हा दिवसाचा पक्षी आहे, रात्री झोपतो. शिवाय मेलेला काजवा लुकलुकत नाही.

विणकरही मादी नव्हे, नरच. गवताच्या, उसाच्या किंवा शिंदीच्या पात्याला चोचीने खाच पाडून तो लांब पट्टी सोलतो. पट्टी हिरवी हवी. वाळलेली वळत नाही, तुटते. अशा शेकडो फेऱ्या होतात. आधी फांदीला गाठ, मग कडे, मग टोपीसारखा घुमट. इथे तो थांबतो. माद्या येऊन पाहणी करतात. पसंत पडला तरच अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पुरी होते. आत मऊ अस्तर मादी घालते. नापसंत खोपे तसेच लटकत राहतात. त्यांना ‘नराचा झोपाळा’ म्हणणे चूक आहे.

एक नर हंगामात अनेक खोपे बांधतो, हे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या निरीक्षणांतून 1930च्या सुमारास मांडले होते. विहिरीवर झुकलेली किंवा काटेरी बाभळीची फांदी तो उगाच निवडत नाही: साप, कावळ्यांना तिथे पोहोचणे जड जाते. म्हणून पावसाळ्यात ती फांदी तोडू नका.