टर्बो गाडीच्या पेट्रोल रेग्युलेटरची नळी काढली असेल, तर आजच परत लावा

मे महिन्यातली भर दुपार. दाजींचा फोन मांजरसुंब्याच्या घाटातून. "अरे, गाडी चढावर तडतड करायली, इंजिनचा दिवा बी लागलाय. तशीच रेटू का?" गाडीत आक्का, दोन्ही भाचे आणि दाजींच्या आई. मी म्हणालो, आधी कडेला घ्या, बंद करा. मग विचारलं, गाडीला काय केलं होतं? "काही नाही रे, ग्रुपवर आलतं ना, ती बारीक नळी काढली अन् बोल्ट ठोकला."

'ग्रुपवर आलतं' ते माझ्याही चार ग्रुपवर आलंय. मजकूर थोडक्यात असा: टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या गाडीच्या फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला, म्हणजे पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या डबीला, मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणाऱ्या पाईपकडून) येणारी बारीक नळी कंपनी मुद्दाम लावते, गाडीने जास्त पेट्रोल प्यावं म्हणून. ती काढून तोंड बंद करा, अ‍ॅव्हरेज लिटरमागे ५ किलोमीटरने वाढेल. रिटर्न पाईपला चिमटा लावा, पिकअप दुप्पट होईल. डिझेल टर्बोलाही हेच करा. आणि रेग्युलेटर कधी बिघडत नाही, मेकॅनिक लुटतात. सोबत पुरावा म्हणून एक व्हिडिओ: नळी काढली की गेजचा काटा वर चढतो.

बीडमध्ये बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. गाडी टो करून आणली, ती माझ्याकडेच.

नळीचं आधी, कारण सगळं नुकसान तिथंच आहे. दाजींची गाडी २००५ सालची, सेकंडहँड घेतलेली, अठराशे सीसीची टर्बो पेट्रोल. तिच्या रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाईपच्या, टोकाला लिंबाएवढा रेग्युलेटर आहे. आत रबरी डायफ्राम. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. पेट्रोलचा दाब स्प्रिंगला भारी पडला की व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं पेट्रोल रिटर्न पाईपने टाकीत परत जातं. ती नळी स्प्रिंगच्या बाजूला लागते आणि मॅनिफोल्डमध्ये जो दाब असेल तो डायफ्रामच्या पाठीवर आणून ठेवते. हे कशासाठी? इंजेक्टरमधून किती पेट्रोल पडणार, हे नुसत्या रेलच्या दाबावर ठरत नाही म्हणून. रेलचा दाब आणि समोर मॅनिफोल्डमधला दाब यांच्यातला फरक महत्त्वाचा. धारेचा वेग त्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. हा नियम टॉरिचेलीने १६४४ साली छापलाय. पाण्याच्या टाकीलाही तोच लागू आणि इंजेक्टरलाही तोच.

ज्यांच्या रानात चढ-उतार आहे आणि ठिबक आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. उताराच्या टोकाला दाब जास्त, चढावर कमी, तरी प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर सगळ्या झाडांना सारखंच पाणी देतो, कारण त्याच्या आतही एक रबरी डायफ्राम असतो. तो डायफ्राम काढून फेकला तर पाणी वाचतं असं कोणी म्हणेल का?

मी दाजींसमोरच रेलला दाब मोजायचं गेज लावलं. रेग्युलेटरवर '३ बार' असं कोरलेलंच आहे; बार हे दाबाचं माप. गाडी आयडलवर (जागेवर चालू, अ‍ॅक्सिलेटर न दाबता), नळी लावलेली: काटा २.४ वर, कारण मॅनिफोल्डमध्ये तेव्हा ०.६ बारचा व्हॅक्यूम होता. नळी काढली: काटा ३ वर. व्हिडिओत एवढंच दाखवलंय, आणि ते खरं आहे. पण त्याचा अर्थ उलटा. आयडलवर फरक ३ चा ३.६ झाला, म्हणजे पेट्रोल साधारण १० टक्के *जास्त* पडायला लागलं. मग अ‍ॅव्हरेज वाढेल कुठून? वाढत नाही आणि फारसं घटतही नाही, कारण सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर बघत असतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडा ठेवायचा वेळ कमी करून टाकतो. सपाट हायवेवर म्हणून काहीच कळत नाही. दाजी धाराशिवहून आठ दिवस आरामात फिरले आणि ग्रुपवर 'फरक पडला' असं लिहूनही मोकळे झाले.

फरक घाटात पडतो. टर्बोने हवा दाबली की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम उरत नाही, उलट दाब तयार होतो. इंजिन बंद ठेवून फक्त पेट्रोलपंप चालू केला आणि हातपंपाने नळीत ०.७ बार हवा भरली. काटा ३.७ वर गेला. टर्बो फुंकेल तेवढाच पेट्रोलचाही दाब चढला पाहिजे, आणि नळी ते काम करते. नळी नसेल तर रेल ३ वरच थांबते, समोरून ०.७ चा विरोध, फरक उरतो २.३. वर्गमुळाचं गणित करा: पेट्रोल १२ टक्के कमी. आणि हे नेमकं कधी? पाच माणसं, एसी चालू, बाहेर ४२ अंश, तिसऱ्या गियरमध्ये चढ. पूर्ण लोडवर त्या काळातल्या बहुतेक गाड्यांचा ईसीएम ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणे चालतो. म्हणजे चूक दुरुस्त करणारं कोणी नाही. तक्ता धरतो १२.५ भाग हवेला १ भाग पेट्रोल, कारण जास्तीचं पेट्रोल वाफ होताना सिलेंडर थंड ठेवतं. प्रत्यक्षात मिळतं १४.३ ला १. ती तडतड म्हणजे नॉकिंग: सिलेंडर तापून आतलं पेट्रोल आपोआप भडकणं.

चारही प्लग काढून दाजींच्या हातात दिले. दोन प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर राखाडी, मोहरीहून बारीक ठिपके होते. ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. कॉम्प्रेशन (सिलेंडर दाब धरतो का, ते) ठीक निघालं, नशीब. आणखी दोन वळणं रेटली असती तर पिस्टनला भोक पडलं असतं, आणि आजी मागच्या सीटवर होत्या.

रिटर्न पाईपला चिमटा लावणं त्याहून वाईट. परतीची वाट बंद केली की रेलचा दाब पंप देईल तितका चढतो, तीनाच्या जागी सहा-सात बारही. वीस वर्षांचे रबरी पाईप आणि गंजलेल्या क्लिपा हे झेलायला बनलेल्या नाहीत. पाईप सुटला तर पेट्रोल उडणार शेजारच्या टर्बोवर. घाट चढून आलेल्या टर्बोचं लोखंड लाल होतं, आणि पेट्रोलला पेटायला ठिणगीच लागते असं नाही, असं लाल तापलेलं लोखंडही पुरतं. पाईप टिकला तरी नको इतकं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, आणि मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर जगतं.

डिझेलबद्दल थोडक्यात. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मधून बॉशची कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच रेलमधून डिझेल देणारी पद्धत) रस्त्यावर आली, तेव्हाच दाब १३५० बारपर्यंत होता. तो सेन्सर आणि ईसीएमने सांभाळला जातो, मॅनिफोल्डच्या नळीने नाही. डिझेल गाडीत जी बारीक नळी दिसते ती बहुतेक वेळा टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरची. ती काढली की गाडी ओढायचीच बंद होते. जाड नळी ब्रेकच्या बूस्टरची असते, तिला हात लावू नका. चालू इंजिनात रेलचा पाईप तर अजिबात सैल करू नका, ती धार कातडीच्या आत घुसते. नव्या डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो पेट्रोल गाड्यांतही दाब ईसीएमच्याच हातात, तिथं ही नळी नसतेच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. काही जुन्या गाड्यांत कंपनीनेच असा व्हॉल्व्ह दिलेला असतो की गरम इंजिन पुन्हा चालू करताना ही नळी थोडा वेळ व्हॅक्यूमपासून तुटते. दाब वाढतो, पेट्रोलची वाफ होत नाही, गाडी उन्हात पटकन लागते. मूळ मेसेज लिहिणाऱ्याने हे पाहिलं असावं. पण ते थोड्या वेळापुरतं आणि आयडलवर. घाटात नव्हे.

मेकॅनिक लुटतात हेही काही ठिकाणी खरं. मिसिंग आलं (इंजिन झटके खायला लागलं) की न तपासता रेग्युलेटर बदलणारे मी पाहिलेत. पण रेग्युलेटर बिघडतो. डायफ्राम फाटला की पेट्रोल नळीतून थेट मॅनिफोल्डमध्ये जातं, सकाळी काळा धूर येतो. तपासायला पैसे लागत नाहीत: आयडलवर नळी सोडा, तिच्यात पेट्रोलचा थेंब किंवा ओल दिसली तर रेग्युलेटर बदला, कोरडी असेल तर डायफ्राम फाटलेला नाही.

ज्यांनी बोल्ट ठोकलाय त्यांनी घाटात जायच्या आधी तो काढावा. जुनी नळी कडक झाली असेल तर नवी व्हॅक्यूमची नळी घ्या, सलाईनची किंवा ठिबकची चालणार नाही, गरम होऊन चिपकते. दोन्ही टोकांना क्लिप लावा, नाहीतर टर्बोच्या दाबाने सुटेल. मग चारही प्लग काढून उजेडात धरा. ठिपके दिसले तर कॉम्प्रेशन बघितल्याशिवाय गाडी पळवू नका.