'शिरी'मधलं प्रेम वरून लावलेलं नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

'शिरी' या दक्षिण कोरियन हेरपटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत. उत्तराला चार दिवस लागले, कारण चित्रपट पुन्हा एकदा बघून मगच लिहायचं ठरवलं होतं. तुमचं म्हणणं असं : हेरपट चांगला चालला असताना त्यात प्रेमकथा घुसडली, त्यामुळे ना धड थरार राहिला ना धड प्रेम. फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात, चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला माशाच्या पोटातला मायक्रोफोन पचत नाही. आणि ज्याचा सगळ्यात जास्त राग तुम्हाला आलेला दिसतो ते म्हणजे, शेकडो माणसं मारायला निघालेल्यांच्या डोळ्यांत पाणी दाखवून दिग्दर्शकाने प्रेक्षकाला त्यांच्या बाजूला ओढलं आणि मीही त्यात वाहवत गेले.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं. शेवट सांगितल्याशिवाय मला काकांना उत्तर देता येणार नाही.

मायक्रोफोनचं आधी मिटवते. तिथे तुमचंच बरोबर आहे. माशाच्या पोटात बसेल इतकं यंत्र, पाण्यातून येणारा आवाज, त्याची बॅटरी, यातलं काहीही तुमच्यासारख्या माणसासमोर टिकणार नाही. त्याहून मोठी चूक तुम्ही लिहिली नाहीत, ती मी सांगते. दक्षिण कोरियाच्या गुप्तचर खात्यातला अधिकारी लग्न ठरवतो आणि खातं त्या मुलीची साधी चौकशी करत नाही, हे कुठल्याही देशात घडणार नाही. गोळीबाराची दृश्यं हाँगकाँगच्या त्या काळातल्या चित्रपटांवरून उचललेली आहेत, हेही उघड दिसतं. हे सगळं मान्य करूनही माझं मत बदलत नाही, कारण माझ्या मते चित्रपटाचा जीव त्या यंत्रांत नाहीच.

तो आहे मत्स्यालयाच्या दुकानात. यू जोंग-वॉन हा सोलमधला अधिकारी ली बांग-ही नावाच्या उत्तर कोरियन नेमबाज बाईच्या मागावर आहे. संध्याकाळी तो ज्या मुलीला भेटायला जातो ती म्योंग-ह्यॉन मासे विकते. दोघी एकच आहेत, हे आपल्याला त्याच्या आधी कळतं. तुम्ही म्हणता, 'प्रेमाचे प्रसंग कापले तर चित्रपट वीस मिनिटांनी आटोपशीर होईल.' काका, ते प्रसंग कापून बघा आणि हेरगिरी कुठे उरते ते सांगा. तिचं सगळं काम त्या प्रेमातूनच चालतं. खात्याच्या ऑफिसात टाकी आहे, टाकीत तिने भेट दिलेले मासे आहेत, आणि ती भेट आत आली ती होणाऱ्या नवऱ्याचा हात धरून. तो तिच्याशी जितकं खरं वागतो तितकी माहिती पलीकडे जाते. खात्यात बातमी फुटतेय म्हटल्यावर जोंग-वॉन आणि त्याचा सहकारी जांग-गिल एकमेकांवर संशय घेऊ लागतात. दोन जिवाभावाचे मित्र एकमेकांच्या पाळतीवर आणि घरातल्या माणसावर मात्र पूर्ण विश्वास. मला हा प्रसंग कुठल्याही पाठलागापेक्षा जास्त थरारक वाटतो, कारण इथे बंदूक कुणी काढलेलीच नाही.

त्या दुकानात किसिंग गोरामी नावाच्या माशांची जोडी आहे. एक मेला की दुसराही जगत नाही, असं म्योंग-ह्यॉन सांगते. हे मासे आग्नेय आशियातले, ओठाला ओठ लावतात म्हणून त्यांना हे नाव पडलं. पण मासे पाळणाऱ्या कुणालाही विचारा. ते चुंबन बहुतेक वेळा प्रेमाचं नसतं, ती दोन माशांची ताकद आजमावण्याची रीत असते. दिग्दर्शक कांग जे-ग्यूच्या मनात हे होतं की नाही यावर मी काही म्हणणार नाही. मला मात्र हे कळल्यापासून ते दृश्य पहिल्यासारखं बघता येत नाही. बाहेरून मिठी दिसते आणि आत झुंज चाललेली असते. त्या दोघांचं नातं नेमकं तसंच आहे, आणि त्यांच्या दोन देशांचंही.

नावातला मासा वेगळा. शिरी हा फक्त कोरियन द्वीपकल्पात सापडणारा छोटा, गोड्या पाण्यातला मासा आहे, स्वच्छ वाहत्या नदीत राहणारा. चित्रपटात दोन्ही कोरियांच्या फुटबॉल सामन्यात बॉम्ब फोडायच्या उत्तरेकडच्या टोळीच्या कटाला हे नाव दिलंय. टाकीतला मासा परदेशी आणि नदीतला मासा स्वतःचा, ही निवड मला फार बोलकी वाटते.

आता तुम्ही म्हणता की असं प्रेम हे 'पटकथाकाराच्या डोक्यातलं खूळ' आहे. इथे मी ठामपणे नाही म्हणते. 29 नोव्हेंबर 1987 ला बगदादहून सोलकडे निघालेलं कोरियन एअरचं विमान, उड्डाण क्रमांक 858, अंदमानच्या समुद्रावर बॉम्बने फुटलं. 115 माणसं गेली. बॉम्ब ठेवणारी किम ह्यॉन-हुई तेव्हा पंचविशीची होती. जपानी पासपोर्ट, जपानी नाव, सोबत 'वडील' म्हणून एक वयस्क हेर. बहारीनमध्ये पकडले गेल्यावर दोघांनी विष घेतलं. तो मेला, ती वाचली. तिला जपानी बोलणं-वागणं शिकवलं होतं ते जपानमधून पळवून नेलेल्या एका बाईने. सोलमध्ये तिला फाशीची शिक्षा झाली आणि 1990 मध्ये माफी मिळाली. 1997 मध्ये तिने लग्न केलं ते दक्षिण कोरियाच्या गुप्तचर खात्यात काम केलेल्या माणसाशी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तरेचं एक नवरा-बायको हेर-जोडपं दक्षिणेत पकडलं गेलं आणि बायकोने विष घेऊन जीव दिला. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर 1996 मध्ये, गांगनुंगच्या किनाऱ्यावर उत्तरेची पाणबुडी रुतली. तिच्यातल्या 26 जणांमागे दक्षिणेचं सैन्य कित्येक आठवडे डोंगर पिंजत होतं. एक जिवंत हाती लागला. 'शिरी' लागला 13 फेब्रुवारी 1999 ला. थिएटरात बसलेल्या माणसाने हे सगळं नुकतंच वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. दुसऱ्या बाईचं नाव-गाव घेऊन जगणारी हेर, तिचं शत्रूच्या माणसाशी जुळणं, पकडली जाण्याआधी तोंडात विष, यातलं काहीच त्याला परकं नव्हतं. आपण पुण्यात किंवा नाशकात बसून बघतो तेव्हा ते अतिरंजित वाटतं. त्याला वाटलं नसणार.

मग तिसरा मुद्दा, सहानुभूतीचा. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला, कारण तुमचा राग मला कळतो. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला शत्रूचे अश्रू दाखवणं खुपणारच.

त्या टोळीचा म्होरक्या पार्क मू-यंग याचं स्टेडियममधलं भाषण आठवा. चोई मिन-सिक या नटाने ते असं म्हटलंय की घशाच्या शिरा दिसतात. तुम्ही कोक-बर्गर खाऊन वाढत होतात तेव्हा आमची माणसं उपाशी मरत होती, असा त्याचा आशय. यात पटकथेने वाढवून सांगितलेलं फार थोडं आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर उत्तर कोरियात जो दुष्काळ पडला त्यात किती माणसं गेली याचे अंदाज काही लाखांपासून वर जातात. सोव्हिएत मदत थांबली होती, 1995 च्या पुराने पिकं बुडाली आणि सरकारी रेशनव्यवस्था कोलमडली. दक्षिणेत काही तासांच्या अंतरावर पोटभर जेवणाऱ्या प्रेक्षकाला हे एका खलनायकाच्या तोंडून ऐकवणं सोपं नव्हतं. एके काळी त्याच देशातल्या प्रतिष्ठेच्या देजोंग पुरस्कारांत साम्यवादविरोधी चित्रपटासाठी वेगळं पारितोषिक असायचं. उत्तरेचा माणूस पडद्यावर दिसला की तो राक्षसच, हे ठरलेलं होतं. कांग जे-ग्यूने त्याला भूक दिली, भाषा दिली आणि तरीही हातात बॉम्बच ठेवला. चित्रपट पार्कला माफ करत नाही. सुरुवातीच्या प्रशिक्षणात ही माणसं जिवंत माणसांवर सराव करून कशी घडवली जातात ते दाखवतो आणि शेवटी त्याला मारतो. त्याचं ऐकून घेणं म्हणजे त्याच्या बाजूला जाणं, असं मी मानत नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्या टीकेला धार आहे आणि माझ्या लेखात ते यायला हवं होतं. पार्कची टोळी दोन्ही सरकारांच्या विरुद्ध जाऊन कट करते. म्हणजे प्योंगयांगवर, उत्तरेच्या सरकारवर, थेट ठपका येत नाही. 1998 पासून राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग उत्तरेशी सलोख्याचं धोरण राबवत होते, त्या हवेत ही सोय दिग्दर्शकाला बरी पडली असणार. खरा प्रश्न त्याने थोडा बाजूला सारला. दोन्ही कोरियांचा फुटबॉल सामना ही कल्पना मात्र हवेतली नाही. ऑक्टोबर 1990 मध्ये आधी प्योंगयांगला आणि मग सोलच्या जामसिल स्टेडियमवर असे सामने खरोखर झाले होते.

आणि आता शेवट, ज्याला तुम्ही 'रडारड' म्हटलंत. स्टेडियमबाहेर दोघं एकमेकांवर बंदूक रोखून उभे आहेत. ती त्याच्यावर गोळी झाडत नाही. बंदूक राष्ट्राध्यक्षांच्या गाडीकडे वळवते, आणि तो तिला मारतो. तुम्ही लिहिलंत, 'प्रशिक्षित नेमबाज इतका वेळ घालवेल का?' नाही घालवणार. म्हणूनच तो वेळ महत्त्वाचा आहे. ली बांग-हीने कधीच वेळ घालवला नसता. तिथे थांबलेली ती म्योंग-ह्यॉन आहे, आणि गाडीकडे वळलेली बांग-ही. किम युन-जिनच्या चेहऱ्यावर मला ते दोन्ही दिसतं, आणि तिचा हा पहिलाच चित्रपट होता. नंतर त्याच्या फोनवर तिचा निरोप सापडतो. मग जेजू बेटावर तो त्या मुलीला भेटायला जातो जिचं नाव आणि चेहरा तिने उसना घेतला होता. शेजारी बसतो, दोघं गाणं ऐकतात. कुणी रडत नाही, काका. हा प्रसंग तुम्ही पुन्हा बघावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

सोल शहरातच 24 लाखांवर तिकिटं खपली आणि 'टायटॅनिक'चा तिथला विक्रम मोडला, याला तुम्ही 'गर्दीचा पुरावा' म्हणून बाजूला सारलंत. सारा. माझा मुद्दा त्यावर उभा नाही.

तुम्ही फौजेतले म्हणून एक गोष्ट लिहिते, जी हा चित्रपट बघताना माझ्या डोक्यात सतत होती. 1953 मध्ये कोरियन युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परतायला नकार देणारे 22 हजारांवर कैदी होते. त्यांच्यावर देखरेख करायला भारताची तुकडी कोरियात गेली. तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. छावणीत एकेका कैद्याला समोर बसवून विचारायचं, परत जायचंय की नाही. बाहेर दोन्ही बाजूंचे लोक, आत कैद्यांमधलेच हेर, आणि कुणी 'जातो' म्हणाला की त्याच्या जिवाला धोका. अखेर 88 जणांनी, त्यांत 74 उत्तर कोरियन होते, दोन्हीकडे जायचं नाकारलं आणि ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले. उत्तर नको, दक्षिण नको, असं म्हणायची सोय त्यांना मिळाली. म्योंग-ह्यॉनला ती कुणीच दिली नाही.

तुमच्या नोकरीच्या काळात कुणी जुने अधिकारी किंवा सुभेदार त्या छावणीबद्दल बोललेले तुमच्या कानावर आले होते का? आले असतील तर कृपया इथेच लिहा. मी वाट बघते.