बाहीबद्दलच बोलू मग

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, तेव्हाच उत्तर दिलं असतं तर फार कडक गेलं असतं म्हणून आज लिहितेय. बाकीच्यांसाठी सांगते, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी केलेला 'दोघांचा कोट' (दोन माणसांनी एकत्र घालायचा) आणि मान हलवली की पंखा फिरणारी टोपी, या माझ्या पोस्टवर यांचं म्हणणं असं: "बाळ, घालून बाहेर पडता येत नाही तो कपडाच नव्हे. असले चाळे करण्याआधी साधी बाही नीट बसवायला शिक. फोटोही अंधारे."

फोटो अंधारे आहेत, मान्य. उजेडात परत काढून टाकते.

पण "बाळ"? आपली ओळख ना पाळख. मी शिकतेय म्हणून कुणीही यावं आणि डोक्यावरून हात फिरवत टोचून जावं असं नाहीये. आणि "चाळे" कशाला म्हणता हो? पोस्ट पूर्ण वाचली तरी होती का?

असो. बाही. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या खांद्याकडच्या भोकापेक्षा, थोडा मोठा कापतात आणि ते जास्तीचं कापड चुणी न पडू देता जिरवायचं असतं, हे तुम्हाला माहीत असेलच. माझ्या कोटात दोन माणसांत मिळून एक बाही आहे, म्हणजे दोन्ही टोकांना मुंढा, कफ नाहीच, दोघांचे हात आत मधोमध भेटतात. कापड मखमल. मखमलीला लव असते, म्हणजे एका दिशेला झुकलेले बारीक तंतू, त्यामुळे अख्खी बाही एका तुकड्यात कापली की एकाच्या बाजूने लव खाली जाते आणि दुसऱ्याच्या बाजूने वर, आणि तोच रंग एकीकडे उजळ, एकीकडे गडद दिसतो. म्हणून मधोमध जोड द्यावा लागला, तो नेमका हात भेटतात तिथेच येतो, मग शिवण हाताला लागू नये म्हणून अस्तराचा जोड बाजूला सरकवला. त्यात एक उंच आणि एक बुटका असला की बाही तिरकी होते आणि सगळा ताण बुटक्याच्या काखेत येतो, तिथे उरेब, म्हणजे तिरका, कापलेला चौकोनी तुकडा घातलाय, उरेब कापड ताण घेतं म्हणून. साधी बाही न येणाऱ्या माणसाला हे सुचेल तरी का?

शाळेत असल्यापासून मशीनवर बसतेय मी. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मसलिनवर, म्हणजे सरावाच्या साध्या सुती कापडावर, बाह्या लावायच्या, चुणी दिसली की उसवायच्या, परत लावायच्या, एवढंच चालायचं. ज्युरीला, म्हणजे प्रोजेक्टच्या परीक्षेला, परीक्षकांनी कोट उलटा करून आतून शिवण बघितली, तुम्ही एका अंधाऱ्या फोटोवरून निकाल देऊन मोकळे.

राहिलं ते "घालून बाहेर पडता येत नाही". हुसेन चालायन या फॅशन डिझायनरने १९९३ मध्ये पदवीच्या कलेक्शनचे कपडे लोखंडाच्या किसासोबत जमिनीत पुरले होते, गंज चढावा म्हणून. त्याच माणसाने २००० साली लाकडी टेबलाचा स्कर्ट केला, मॉडेल मधल्या भोकात पाय ठेवून उभी राहते आणि टेबल कड्याकड्यांनी कमरेपर्यंत उचलून घेते. युद्धात घर सोडून निघावं लागणाऱ्यांबद्दल होता तो शो, आणि चालायन स्वतः सायप्रसचा. ते घालून बाजारात कोण जाणार, हा प्रश्नच तिथे लागू होत नाही. आणि टोपीचं म्हणाल तर जपानच्या केंजी कावाकामीच्या चिंदोगूमध्ये, म्हणजे मुद्दाम जवळजवळ निरुपयोगी वस्तू शोधून बनवण्याच्या कलेत, नियमच आहे की वस्तू खरोखर बनवलेली हवी आणि ती विकायची नाही. यावर आणखी वाद घालायची मला इच्छा नाही.

उद्या नोकरी लागली की मला कोण सांगणार आहे दोन माणसांचा एक कोट शिव म्हणून? ते आत्ताच करायचंय, आणि मी करणार.

बाहीचा पॅटर्न मापांसकट स्कॅन करून टाकतेय. मुंढ्यात कुठे चुकलंय असं वाटलं तर किती सेंटीमीटरने ते लिहा, आणि नावाने हाक मारा.