इरिडियम घाला, गॅप वाढवा, ‘हॉट’ प्लग घ्या? जुन्या गाडीच्या मालकांनी जरा थांबावं

पॉइंट (ठिणगीसाठी वीज चालू-बंद करणारे यांत्रिक संपर्क) आणि कार्ब्युरेटरच्या काळातली पेट्रोल गाडी ज्याच्या दारात आहे, त्याच्या मोबाइलवर एक सल्ला कधी ना कधी येऊन पडतोच. त्याचं सार असं: जुन्या इंजिनात इरिडियम धातूच्या टोकाचा स्पार्क प्लग टाका, ताकद आणि मायलेज दोन्ही वाढतं. गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती प्लगच्या टोकाजवळची फट, मोठा ठेवा. प्लग काळे पडत असतील तर ‘हॉट’ प्लग घ्या. ‘आर’ अक्षराचा प्लग टाळा, तो ठिणगी कमजोर करतो. जमलं तर चार इलेक्ट्रोडवाला, म्हणजे बाजूला चार पट्ट्या असलेला घ्या. आणि आटे जुळले की कुठलाही प्लग चालतो. यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे.

आधी इरिडियम. प्लग ताकद निर्माण करत नाही, तो मिश्रण पेटवतो. साधा प्लग दर वेळी नीट पेटवत असेल तर महागड्या प्लगला कमवायला काही उरतच नाही. इरिडियमचा वितळणबिंदू सुमारे २४४६ अंश सेल्सिअस, निकेलचा १४५५. त्यामुळे मधलं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतकं बारीक करता येतं. साध्या प्लगचं टोक साधारण अडीच मिलिमीटर जाड असतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, हा फायदा खरा आहे. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवून देणारी कॉईल थकलेली असेल तर फरक जाणवेलही, पण मग बदलायची कॉईल. आयुष्याचं म्हणाल, तर अनेक इरिडियम प्लगांची बाजूची पट्टी साध्या निकेल मिश्रधातूचीच असते आणि ती आधी झिजते. शिवाय चोकवर (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देऊन) चालणाऱ्या, थोडं अंतर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत काजळी इरिडियमवरही तितकीच बसते. साधा प्लग तुम्ही घासून, गॅप लावून परत बसवता. इरिडियमच्या टोकावर तारेचा ब्रश चालवलात तर ते टोकच जाईल.

गॅपच्या मुद्द्यावर मात्र जास्त बोलायला हवं, कारण इथे माणूस हमखास फसतो. गॅप वाढवला की गाडी उभी असताना खरोखरच गुळगुळीत चालते. मोठ्या ठिणगीला पातळ मिश्रण पेटवणं सोपं जातं. मालक खूश. मग चढ येतो, थ्रॉटल पूर्ण उघडतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि तेवढ्याच गॅपमधून उडी मारायला आता कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. पॉइंटवर चालणारी कॉईल तिथे कमी पडते आणि गाडी मिस मारायला लागते. कॉईल पुरी पडलीच, तरी ते व्होल्टेज प्लगमधूनच जाईल असं नाही. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधली बारीक चीर, त्यातला फिरता रोटर, कडक झालेली प्लगची वायर, जिथे सोपी वाट मिळेल तिथून ते निसटतं. पॉइंटच्या बहुतेक गाड्यांना ०.६ ते ०.७ मिलिमीटर गॅप सांगितलेला असतो, ०.८ ते १.१ हा नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा आकडा आहे. झिजेमुळे गॅप आपोआपच वाढत जातो, आपण हातभार लावायची गरज नाही.

‘हॉट’ प्लगची ठिणगी जास्त गरम असते ही समजूत तर मुळातच चुकीची. हॉट-कोल्डचा ठिणगीशी संबंध नाही. प्लगच्या टोकाची उष्णता किती लवकर इंजिनच्या हेडमध्ये जाते, एवढंच त्यातून कळतं. आतल्या चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णता सावकाश जाते, तो हॉट. आखूड असेल तर कोल्ड. टोक सुमारे ४५० ते ५०० अंशांच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते. ८५०–९००च्या पलीकडे गेलं की लालबुंद टोकच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं, आणि त्यात पिस्टनला भोकसुद्धा पडतं. म्हणजे काळा प्लग दिसला म्हणून हॉट घेणं हा तापमापक बदलून ताप उतरवण्याचा प्रकार झाला. कोरडी काजळी असेल तर अडकलेला चोक, कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची पातळी, तुंबलेला एअर फिल्टर बघा. ओला, तेलकट काळेपणा असेल तर झिजलेलं व्हॉल्व्ह गाइड किंवा पिस्टनची रिंग. तेल पिणाऱ्या इंजिनला, कामाला काढेपर्यंत, एक पायरी हॉट प्लग हा तात्पुरता इलाज असू शकतो. एकच पायरी, आणि तोवर गाडी ताणायची नाही.

त्यात आकड्यांचा घोळ. एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांच्या प्लगवरच्या क्रमांकात हॉट-कोल्डचा आकडा वाढला की प्लग कोल्ड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट, हॉट होतो. बॉशच्याच जुन्या तीन आकडी क्रमांकांत पुन्हा उलट: १७५पेक्षा २२५ कोल्ड. जुन्या मॅन्युअलमधला आकडा बघून अंदाजाने नवा प्लग घेऊ नका, कंपनीचा तुलना तक्ता बघा.

‘आर’ची भीती अनाठायी आहे. ‘आर’ म्हणजे रेझिस्टर, आत रोध असलेला प्लग. आतला रोध साधारण ५ किलोओहमचा असतो. ठिणगी उडेपर्यंत जवळजवळ प्रवाहच नसतो, त्यामुळे तो व्होल्टेज खात नाही. तो रेडिओतली खरखर कमी करतो, आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं असेल तर सहसा असा प्लग लागतोच.

चार इलेक्ट्रोड असले तरी ठिणगी एका वेळी एकाच वाटेने जाते. प्लग जास्त टिकतो, बस.

राहता राहिले आटे. १४ मिलिमीटर व्यासाचे आटे जुळले तरी आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर असू शकते किंवा १९. लांब प्लग पिस्टनवर आपटू शकतो. आखूड बसवला तर हेडमधले उघडे आटे काजळीने भरतात आणि पुढे योग्य प्लग जातच नाही. एनजीकेच्या बीपी६ईएस या प्लगच्या क्रमांकातलं ‘ई’ म्हणजे हीच १९ मिलिमीटर लांबी. बसवताना सुरुवात हाताने करा, इंजिन थंड असताना. अडकला तर पाना न लावता बाहेर काढून परत लावा. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. जुनाच परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेलं असतं, तिथे फेऱ्याचा बारावा हिस्सा बास.