धनकोंच्या यादीतली आडवी रेघ

काही वर्षांपूर्वी आमची एक मोठी गिऱ्हाईक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिच्याकडच्या येण्यांची फाइल माझ्या टेबलावर येऊन पडली. मी पुरवठादाराकडची हिशेबनीस. दावा लावायचा तर प्रत्येक बिलामागे चलन हवं आणि चलनावर माल पोचल्याचा शिक्का हवा. सात चलनांवर शिक्काच नव्हता. नुसती एक गोलमटोल सही होती, आणि ती कुणाची हे सांगू शकणारा स्टोअरकीपर नोकरी सोडून केव्हाच गेलेला. ती सात बिलं पुराव्याअभावी बाद. बाकीचा दावा मान्य झाला, धनकोंच्या यादीत आमचं नावही आलं. बँकांच्या नावांपुढे मताची टक्केवारी छापली होती. आमच्या नावापुढे त्या रकान्यात आडवी रेघ होती.

तेव्हापासून दिवाळखोरी कायद्याच्या बातम्या मी त्या रेघेच्या बाजूने वाचते. म्हणजे ही पोस्ट निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून टाकते.

बुडत्या कंपनीची देणी कुणाला किती फेडायची याची एक योजना बनते. मुळात एकाला नको असलेली योजना दुसऱ्यांच्या मतांनी त्याच्यावर लादणं यात वाईट काही नाही. सगळ्यांची सही लागेल असा नियम केला, तर शेवटचा एकजण सही अडवून बसतो आणि ‘माझं पूर्ण द्या, मग बघू’ म्हणतो. तेवढ्यात चालती कंपनी बंद पडते, कामगार घरी जातात, यंत्रं भंगारात. म्हणून अमेरिकेच्या १९७८ च्या दिवाळखोरी संहितेतल्या चॅप्टर ११ मध्ये विरोधी गटाच्या गळी योजना उतरवायची सोय आहे. तिथे याला क्रॅमडाउन म्हणतात. गळी उतरवणं हा आपला शब्द त्याला इतका चपखल बसतो की मी तोच वापरणार.

गेल्या दहाएक वर्षांत हे हत्यार जगभर पसरलं. सिंगापूरने २०१७ मध्ये घेतलं. युरोपीय संघाने २०१९ मध्ये निर्देश काढला. नेदरलँड्स आणि जर्मनीचे नवे कायदे १ जानेवारी २०२१ पासून लागू झाले. ब्रिटनने करोनाच्या धांदलीत, जून २०२० मध्ये, कंपनी कायद्यात २६-ए हा भाग घातला. धनकोंचे गट पाडायचे, गटात रकमेच्या ७५ टक्के मतं मिळाली की तो गट राजी. एखादा गट राजी नसला तरी दोन अटी पुऱ्या झाल्या की न्यायालय योजना मंजूर करू शकतं. एक, योजना झाली नसती तर त्या गटाचं जे झालं असतं त्याहून वाईट होता कामा नये. दोन, योजना नसती तरी ज्याच्या हाती खरोखर काही लागलं असतं असा निदान एक गट बाजूने हवा.

यात एक गोष्ट गुपचूप गेली. ब्रिटनच्या जुन्या तडजोड योजनेत रकमेबरोबर डोकीही मोजतात. नव्या योजनेत डोकी मोजायची नाहीत, फक्त रक्कम. अमेरिकेत अजूनही गटातल्या मतदान करणाऱ्यांपैकी रकमेने दोन तृतीयांश आणि संख्येने निम्म्याहून जास्त लागतात. वकिलांना ही तांत्रिक बाब वाटते. पन्नास छोट्या पुरवठादारांना ती तांत्रिक नाही, कारण त्यांच्याकडे मोजण्यासारखं असतं ते डोकंच.

आता ती पहिली अट. ऐकायला न्याय्य वाटते, पण छोट्या धनकोसाठी ती पोकळ आहे. कंपनी मोडीत काढली तर आधी तारण असलेल्या बँका, मग बाकीचे, अशी उतरंड लागते. आमच्यासारखे तळाच्या मडक्यात. तिथवर काही झिरपतच नाही. मग ‘तुमचं याहून वाईट होणार नाही’ या वचनाला अर्थ काय? शून्याहून वाईट काय होणार? दमडी दिली तरी कायदा खूश.

आणि मोडीत न काढता कंपनी वाचवली, तर वाचवल्यामुळे जी जास्तीची किंमत निर्माण होते ती कुणाची? माझ्या मते या कायद्यातला खरा प्रश्न एवढाच आहे. २०२१ मध्ये व्हर्जिन ॲक्टिव्ह या जिमसाखळीच्या प्रकरणात जागामालकांनी विरोध केला तेव्हा लंडनच्या न्यायालयाचं उत्तर सरळ होतं: ज्यांच्यापर्यंत मोडीत काही पोचलं नसतं त्यांच्या मताला फारसं वजन नाही, ती किंमत कशी वाटायची ते ज्यांना मोडीतही काही मिळालं असतं ते ठरवतील. निकाल न्यायमूर्ती स्नोडेन यांचा. पुढे हेच स्नोडेन अपील न्यायालयात गेले आणि त्यांच्याच लेखणीने वारं फिरलं. जानेवारी २०२४ मध्ये ॲडलर या जर्मन मालमत्ता समूहाची योजना रद्द झाली. तिथे रोखे सगळे एकाच पायरीचे, पण परतफेडीच्या तारखा वेगळ्या. योजनेत आधीची तारीख असलेल्यांना आधी पैसे, आणि २०२९ वाले शेवटी, म्हणजे मधल्या काळात काही बिनसलं तर सगळी जोखीम त्यांच्या डोक्यावर. न्यायालय म्हणालं, नुसतं ‘याहून वाईट नाही’ एवढं बघून भागणार नाही, आपापसातली वाटणी न्याय्य आहे का तेही बघावं लागेल.

जुलै २०२५ मध्ये पेट्रोफॅकचा निकाल आणखी पुढे गेला. कंपनीत नवे पैसे घालणाऱ्यांना इतके भरघोस शेअर मिळणार होते की बाजारात एवढ्या मोबदल्यावर पैसे उभे करावे लागले असते का, असा प्रश्न निघाला. तो मोबदला वाजवी आहे हे कंपनीला पटवून देता आलं नाही. योजना रद्द. पुढच्याच महिन्यात वॉलडॉर्फ या उत्तर समुद्रातल्या तेल कंपनीची योजनाही अडली. बिनतारण धनकोंना पाच टक्के देऊ केले होते, आणि पाचच का, चार किंवा चौदा का नाहीत, याचं धड उत्तर नव्हतं. त्यांच्याशी खरी बोलणीच झाली नव्हती. हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसले होते, खोटं कशाला बोलू.

मग विरोध करणाऱ्यांची नावं वाचली. पेट्रोफॅकमध्ये सायपेम आणि सॅमसंग. वॉलडॉर्फमध्ये ब्रिटनचं कर खातं आणि एक दुसरी तेल कंपनी. ॲडलरमध्ये रोखे घेऊन बसलेले गुंतवणूक निधी. आमच्यासारखा एकही नाही. वकील, मूल्यांकन करणारे तज्ज्ञ, त्यांचे प्रतिअहवाल हे सगळं ज्याला परवडतं त्याच्याच बाजूने हा नवा न्याय बोलतोय. तत्त्व उत्तम, पण ते मागायची फी कुणाच्या खिशात आहे?

(बड्यांच्या आपसातही सगळं गोडीगुलाबीचं आहे असं नाही. सेर्टा या गाद्या बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या काही कर्जदात्यांनी २०२० मध्ये कंपनीशी संधान बांधून स्वतःचं कर्ज वरच्या पायरीवर नेलं आणि बरोबरीच्यांना खाली ढकललं. कर्जाच्या करारात खुल्या बाजारातल्या खरेदीला सूट होती, तिचा आधार त्यांनी घेतला. २०२४ च्या शेवटच्या दिवशी अमेरिकेच्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की याला खुल्या बाजारातली खरेदी म्हणत नाहीत. शुद्ध भाऊबंदकी.)

खरोखर छोट्या माणसांचा एक खटला मला माहीत आहे तो जेविकचा. न्यू जर्सीची मालवाहतूक कंपनी, २००८ मध्ये बुडाली, ट्रकचालकांना नोटिशीशिवाय काढलं. त्यांच्या पगाराच्या दाव्याला कायद्याने वरची पायरी होती. तरी तडजोड अशी झाली की खालच्या पायरीवरच्यांना काहीतरी आणि चालकांना काहीच नाही. कारण काय, तर जेविक जिच्या मालकीची होती त्या गुंतवणूक कंपनीवर चालक खटला चालवत होते, आणि आपण दिलेल्या पैशांतूनच तो लढला जाईल अशी मालकांना भीती. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की वगळलेल्यांच्या संमतीशिवाय उतरंडीतली पायरी अशी ओलांडता येणार नाही. निकाल चालकांच्या बाजूने लागला, नऊ वर्षांनी.

भारताच्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत तर ती आडवी रेघ कायद्यातच आखलेली आहे. बँका वित्तीय धनको, माल किंवा सेवा देणारे परिचालन धनको. समितीत मत वित्तीय धनकोंना, आणि ६६ टक्क्यांना योजना मंजूर. परिचालन धनकोंचं येणं एकूण देण्याच्या दहा टक्के असलं, तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीत बसता येतं. बसता येतं, मत देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्विस रिबन्सच्या निकालात हा भेद वैध ठरवला. त्याच वर्षी एस्सार स्टीलमध्ये अपील लवादाने पुरवठादारांना बँकांच्या बरोबरीने वाटा दिला होता, तोही नोव्हेंबरमध्ये गेला. समितीचं व्यावसायिक शहाणपण अंतिम, असं न्यायालयाने मानलं. बँका कर्ज देताना कंपनी तपासतात, तिची नाडी त्यांना कळते, हा युक्तिवाद मला निम्मा पटतो. नाडी बघणाऱ्यानेच औषधाचं बिल वाटायचं, हा उरलेला निम्मा पटत नाही.

मला या सगळ्यात पटलेली तरतूद डच कायद्यात आहे आणि तिचा फारसा गाजावाजाही नाही. पन्नासपर्यंत माणसं असलेल्या छोट्या पुरवठादारांना त्यांच्या येण्याच्या वीस टक्क्यांपेक्षा कमी देऊ करायचं असेल, तर त्यांचा वेगळा गट करावा लागतो. त्या गटाने नाही म्हटलं, तर तसंच सबळ कारण असल्याशिवाय योजना त्यांच्या गळी उतरवता येत नाही. मूल्यांकनाचा अहवाल नको. वीस हा आकडा पवित्र नाही, पंधराही चालेल. फायदा असा की योजना लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं की तळाच्या मडक्यात काहीतरी टाकावं लागणार आहे.

आक्षेप ठरलेला आहे: असं केलं तर नवे पैसे घालायला कोण येईल? पेट्रोफॅकची मूळ कंपनी योजना रद्द झाल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रशासकांच्या हाती गेलीच ना? गेली खरी, पण एक मोठं कंत्राट हातचं गेल्यावर गेली. आणि नव्या पैशांचं म्हणाल तर उधारीवर गेलेला आमचा मालही पैसाच होता. तारण न घेता आणि व्याज न लावता दिलेला.

आमच्या दाव्याचं शेवटी काय झालं ते विचारणार असाल तर सांगते. मान्य रकमेच्या चार टक्क्यांहून थोडी कमी रक्कम खात्यात जमा झाली. पण ते येणं आम्ही दोन वर्षांपूर्वीच बुडीत म्हणून वहीतून काढून टाकलं होतं, त्यामुळे ही रक्कम त्या कंपनीच्या नावे दाखवायला खातंच उरलं नव्हतं. आपल्याच मालाचे पैसे मी ‘इतर उत्पन्न’ या मथळ्याखाली, रद्दी विकून आलेल्या पैशांच्या खालच्या ओळीत लिहिले.