एकाच ड्रममध्ये सगळे जीव? फिरत्या मेसेजमधल्या दाव्यांना उत्तर

खरीप जवळ आला की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. २०० लिटर पाण्यात दोन किलो गूळ, त्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, स्यूडोमोनास आणि बॅसिलस हे उपयोगी जिवाणू आणि हाताशी असेल ते आणखी. सात दिवस ढवळा, मुळाशी ओतून आळवणी करा, मर (झाड सुकून मरणं) आणि कंदकूज मुळासकट जाईल. जैविक नियंत्रणावर, म्हणजे उपयोगी जिवांनी रोग आवरण्यावर, माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच हा मेसेज खटकतो. ड्रम फसला की नाव ट्रायकोडर्माचं खराब होतं.

दावा: जितके जास्त जीव, तितकी जास्त ताकद.

स्यूडोमोनास फ्लुरोसन्स रोगकारक बुरशीला रोखतो तो बऱ्याच अंशी स्वतः तयार केलेल्या प्रतिजैविकांनी: फेनाझिन, पायरोलनायट्रिन वगैरे. बॅसिलस सबटिलिस इटुरिन सोडतो, ते बुरशीच्या पेशीचं पटल फोडतं. आता ट्रायकोडर्माही बुरशीच आहे. त्यामुळे मर रोगाच्या फ्युजॅरियम बुरशीवर चालणारं हत्यार त्याच्यावरही चालू शकतं. पेट्री डिशमध्ये एका बाजूला ट्रायकोडर्मा ठेवून दुसऱ्या बाजूला जिवाणूची रेघ ओढली, तर न जुळणाऱ्या जोडीत हिरवी वाढ रेघेच्या अलीकडेच अडते आणि मध्ये मोकळा पट्टा राहतो. सगळ्या जोड्या अशा भांडत नाहीत, ते स्ट्रेनवर, म्हणजे त्या जिवाच्या नेमक्या उपप्रकारावर, अवलंबून असतं. पण तुम्ही आणलेल्या तीन पाकिटांतले स्ट्रेन एकमेकांसोबत कुणी तपासले आहेत?

२०११ मध्ये ‘फायटोपॅथॉलॉजी’ या नियतकालिकात अशा मिश्रणांचा मोठा आढावा आला. तोवर प्रसिद्ध झालेल्या ४६५ मिश्र उपचारांपैकी जेमतेम २ टक्क्यांत बेरजेपेक्षा जास्त परिणाम दिसला. बहुतेक वेळा मिश्रण त्यातल्या सर्वांत चांगल्या एकट्या जिवापेक्षा सरस ठरलं नाही. म्हणजे दोन पाकिटांचे पैसे आणि काम एकाचं.

दावा: शास्त्रज्ञसुद्धा मिश्रणच वापरायला सांगतात.

यात तथ्य आहे. पण कोणतं मिश्रण? फ्युजॅरियमचा रोग न करणारा एक स्ट्रेन आहे, एफओ-४७. तो फ्रान्समधल्या शातोरनार इथल्या, मर रोगाला आपोआप दाबणाऱ्या मातीतून मिळाला. मुळाभोवतीची साखर तो आधी खातो आणि रोगकारक फ्युजॅरियमला उपाशी ठेवतो. त्याच्या जोडीला स्यूडोमोनासचा डब्ल्यूसीएस-३५८ हा स्ट्रेन दिला. तो सिडेरोफोर नावाचं द्रव्य सोडून मातीतलं लोह पकडतो. लोह कमी पडलं की रोगकारक बुरशीला साखरेची टंचाई आणखी जाचते. कार्नेशन या फुलझाडाच्या मर रोगावर ही जोडी चालली. सिडेरोफोर न बनवणारा तोच जिवाणू वापरला, तेव्हा जोडीचा जादा फायदा गेला. एकाने साखर तोडायची, दुसऱ्याने लोह, आणि एकमेकांच्या वाटेत यायचं नाही, असं ते जुळलेलं होतं. आपल्याकडे पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास यांचं ‘पंत बायोएजंट-३’ केलं, तेही ठरावीक स्ट्रेन निवडूनच.

दावा: गुळाच्या पाण्यात सात दिवसांत सगळे वाढतात.

कोण वाढतं, हा प्रश्न आहे. गोड पाण्यात जिवाणू तासाभरात दुप्पट होऊ शकतात, ट्रायकोडर्माला नवे बीजाणू धरायला काही दिवस लागतात. शिवाय ट्रायकोडर्माला आणि स्यूडोमोनासलाही हवा लागते, आणि सकाळ-संध्याकाळ काठी फिरवून ती पुरत नाही. गुळातून, पाण्यातून, उघड्या तोंडातून आलेले यीस्ट आणि आंबवणारे जिवाणू मात्र अशा पाण्यात मजेत वाढतात. सातव्या दिवशी येणारा फेस आणि आंबूस वास बहुधा त्यांचाच. ट्रायकोडर्मा वाढवायचाच तर चांगलं कुजलेलं, ओलसर शेणखत घ्या, ढीग सावलीत गोणपाटाने झाका, ओल टिकवा.

दावा: कुठलीही मर असो, हेच औषध.

हरभऱ्याची मर फ्युजॅरियमची असते, तिथे ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया योग्यच. पण कोकणातल्या वांग्याची मर बऱ्याचदा राल्स्टोनिया या जिवाणूची असते. आल्यालाही तो लागतो, आणि गड्डा कुजलेला दिसला की आपण पिथियम या बुरशीसारख्या रोगकारकाचीच कंदकूज धरून चालतो. ट्रायकोडर्मा बुरशीला विळखा घालून तिची भिंत विरघळवतो, तसं जिवाणूचं करत नाही. ओळख पटवायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. नुकत्याच सुकू लागलेल्या झाडाच्या बुंध्याजवळचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरला, तर तो जिवाणू आहे.

दावा: सोबत रासायनिक बुरशीनाशक दिलं तरी चालतं.

कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ट्रायकोडर्माला मारतं, ताम्रयुक्त औषधं स्यूडोमोनासला. एकत्र कालवू नका.

दावा: नैसर्गिक आहे, नुकसान तर काही नाही.

नुकसान वेळेचं होतं. कंदकूज सुरू झालेल्या प्लॉटमध्ये सात दिवस ड्रम ढवळण्यात गेले, तर साचलेल्या पाण्याबरोबर रोग पुढच्या वाफ्यांत पोहोचतो. त्या सात दिवसांत चर काढून पाणी बाहेर काढायला हवं होतं, कुजलेले गड्डे उपटून लांब न्यायला हवे होते. ट्रायकोडर्माची जागा त्याच्याही आधीची आहे, बेणेप्रक्रियेत आणि लागवडीच्या शेणखतात. जिवाणू द्यायचाच असेल तर काही दिवसांनी वेगळा द्या, आणि घेताना पाकिटावर स्ट्रेन, प्रति ग्रॅम जिवंत संख्या आणि अंतिम तारीख बघा. ट्रायकोडर्माच्या पावडरीत प्रति ग्रॅम किमान २० लाख लिहिलेले असायला हवेत. स्यूडोमोनास टिकाऊ बीजाणू धरत नाही, त्यामुळे दुकानात उन्हात पडून राहिलेलं त्याचं पाकीट परत करा.